नूतनबाईंचं एका दुपारचं मरण

नूतनबाई फुंडे यांच्या डोक्यावर कावळा बसला, तेव्हा त्या कावळ्याचीच बाजू घेत होत्या.

दिवाळीला पंधरा दिवस होते. गोंदियाजवळच्या मुर्री गावात आपल्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्या रविवारच्या लेखनवर्गाच्या वह्या तपासत होत्या. केशोराव गुरुजींनी, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांत वयस्कर विद्यार्थ्यानं, आपल्या निबंधात ‘कपटी काळा पक्षी’ असं लिहिलं होतं. त्याखाली नूतनबाई लाल पेनानं लिहीत होत्या, ‘कावळ्याला कपट करताना तुम्ही कधी पाहिलं? पाहिलं असेल तर तेवढंच लिहा.’ पूर्णविराम द्यायचा तेवढा राहिला आणि डोक्यावर काहीतरी धपकन पडलं. केसांत नख्या रुतल्या, कानाशी पंखांचा वारा झाला, आणि कावळा शेवग्याच्या फांदीवर जाऊन बसला. तिथून त्यानं वहीकडे पाहिलं, असं नूतनबाईंना वाटलं. पण मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाला पक्षी कायम आपल्याकडेच पाहतायत असं वाटतं.

ओसरीवर सूप घेऊन बसलेल्या नंदाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सूप खाली ठेवलं.

“बसला?”

“टेकला फक्त, आई.”

“टेकला मंजे बसलाच.”

त्यांच्याकडे याला एकच तोड. ज्याच्या डोक्यावर कावळा बसला, त्याच्या मरणाची खोटी खबर माहेरी धाडायची. माहेरचं माणूस ती खरी मानून रडलं, की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते दाराशी येऊन परत जातं. रडणाऱ्याला आधी काही सांगायचं नाही. रडून झालं, माणूस जिवंत पाहिलं, की मग गोडाचं जेवण.

नूतनबाईंनी विरोध केला. तसा तो करणं भागच होतं. त्यांच्या दोन छापील पुस्तकांत मिळून पाच कावळे होते आणि पाचही गुणी होते. एकानं तर चौथीची शिष्यवृत्ती मिळवली होती. शाळाशाळांतून ‘अंधश्रद्धा सोडा’ सांगत फिरणाऱ्या बाईनं कावळ्याच्या भीतीनं मरून दाखवायचं म्हणजे काय?

पण नंदाबाईंचे सासरे असेच हसले होते. कावळा बसला, ते हसले, आणि त्याच वर्षी गेले. त्यांच्या जाण्यात रक्तदाब, विडी आणि एक ट्रॅक्टर यांचाही हात होता. नंदाबाईंचं म्हणणं, त्या तिघांना कावळ्यानंच धाडलं. हे त्या नेहमी ठासून सांगायच्या. आज मात्र ते सांगायच्या ऐवजी त्या सूप उचलायला गेल्या. उचलता उचलता तांदूळ खाली सांडले. एकवीस वर्षांत नूतनबाईंनी त्या हातातून एक दाणा सांडलेला पाहिला नव्हता.

“बरं, करा फोन,” त्या म्हणाल्या. एका दुपारचा तर प्रश्न होता.

नंदाबाईंनी आधी सुनेचा मोबाइल काढून घेतला, बंद केला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरला. मेलेलं माणूस फोन उचलत नाही, हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मग आपल्या बटणाच्या फोनवरून त्यांनी सालेकशाकडच्या गावी, नूतनबाईंच्या थोरल्या भावाला फोन लावला.

“उमेंद्रबापू, आपली नूतन गेली. सकारी. या लवकर.”

फोन ठेवला आणि खिरीसाठी दूध आटवायला ठेवलं.

व्यवस्थेत त्या कमी पडणाऱ्या नव्हत्या. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या बकारामला त्यांनी ओट्यावर बसवलं आणि सांगून ठेवलं, कोणी विचारलंच तर ‘नेलं’ म्हणायचं. रडणं पुरं होईपर्यंत खबर फुटता कामा नये. बकारामला उभ्या आयुष्यात इतकं महत्त्वाचं काम कोणी दिलं नव्हतं. नूतनबाईंचे यजमान गजेंद्र राइस मिलमध्ये होते, आणि मिलच्या घरघरीत त्यांना संध्याकाळपर्यंत जगात काय चाललंय ते कळत नसे. त्यांना कळवायची गरज कोणाला वाटली नाही.

पूर्वी अशी खबर सायकलवरून जायची. एका रस्त्यानं जायची आणि त्याच रस्त्यानं परत यायची. आता उमेंद्रच्या घरी अकरावीतला हिमांशू होता आणि त्याला ही रीत कोणी कधी सांगितली नव्हती. बापाला भिंतीशी बसून रडताना पाहून पोरगा हादरला. त्यानं आत्याचा एका लग्नातला फोटो शोधला, तिच्या हातातली जिलबी कापून टाकली, दोन बाजूंना दोन समया लावल्या आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली आत्या’ असं स्टेटस ठेवलं. उमेंद्र स्टेशनवर पोचेपर्यंत ते गोंदियात पोचलंही होतं. लेखनवर्गातल्या कोणाकडे तरी हिमांशूचा नंबर होता.

बाराच्या सुमाराला केशोराव गुरुजी आणि आणखी एक विद्यार्थी ऑटोनं मुर्रीला आले. बकाराम उठून उभा राहिला, डोक्यावरचा गमछा काढला, आणि म्हणाला, “नेलं जी.” गुरुजींनी गल्लीकडे तोंड करून हात जोडले. घरच्यांना आज त्रास नको, असं ठरवून दोघं त्याच ऑटोनं शोकसभेच्या तयारीला परत गेले. त्या वेळी नूतनबाई मागच्या अंगणात वेलची सोलत होत्या.

तीनला उमेंद्र आला. बहीण दारात उभी पाहून तो आधी रडला, मग चिडला, मग जेवला. खिरीची दुसरी वाटी घेताना तो नंदाबाईंना म्हणाला, गाडीत बसल्यावर एकदा शंका आली होती. “तुमचा आवाज लै कोरडा होता आई. पन मंग वाटलं, सासूच हाये.” नंदाबाईंनी ते मनावर घेतलं नाही. रडणं खरं झालं होतं, दोनदा झालं होतं. तिसरी वाटी त्यांनी काठोकाठ वाढली, थेंबही सांडला नाही.

डब्यातून मोबाइल निघाला. चार्जरच्या भोकात अडकलेला तांदळाचा कण नूतनबाईंनी सुईनं काढला आणि फोन सुरू केला. तो हातातल्या हातात दोन मिनिटं थरथरत राहिला. दोनशे चौदा निरोप होते.

इथे वर्गातल्या डब्याबद्दल सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी गोंदियातल्या वाचनालयात नूतनबाईंनी वर्ग सुरू केला, तेव्हा त्यांच्याजवळ ना पदवी होती ना कुठला अभ्यासक्रम. होता तो बिस्किटाचा एक रिकामा पत्र्याचा डबा. कोणाच्या लिखाणात हजार वेळा वापरलेला शब्द आला की तो ज्याचा त्यानं चिठ्ठीवर लिहायचा आणि आपल्या हातानं डब्यात टाकायचा; पुन्हा वापरायचा नाही. ‘कधीही न भरून निघणारी पोकळी’ त्यात होती. ‘काळाचा घाला’ होता. ‘तारा निखळला’ तर तीनदा होता, तिन्ही वेळा केशोरावांच्या अक्षरात. डबा सांभाळायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

आता नूतनबाई निरोप वाचत गेल्या आणि त्यांना वाटलं, कोणीतरी डबा उलटा केलाय. पहिल्याच ओळीत पोकळी होती. मग काळाचा घाला. मग सरस्वतीची उपासक, बालसाहित्याचा वटवृक्ष, मायेची सावली. गुरुजींचा तारा सकाळी अकरा चाळीसलाच निखळला होता. सहा वर्षांचे रविवार, लाल पेनाच्या किती रिफिली, आणि आपण मेल्यावर अकरा विद्यार्थ्यांपैकी एकालाही आपण एखाद दिवशी कशा दिसलो ते सांगता येऊ नये? मेल्याचं त्यांना तितकंसं वाईट वाटलं नव्हतं. याचं वाटलं.

आणि मग त्यांनी भैय्यालालचा निरोप उघडला.

भैय्यालालचा गोंदियात छापखाना होता. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, तांदळाच्या पोत्यांवरची लेबलं, आणि मनात आलं तर पुस्तकं. नूतनबाईंच्या नव्या गोष्टींचं बाड, ‘मोहाखालची शाळा’, त्याच्याकडे चार वर्षांपासून पडून होतं. दर महिन्याला त्या विचारायच्या, दर महिन्याला तो ‘अगले महिने, मैडम’ म्हणायचा. मागच्या वेळी बाडाच्या पहिल्या पानावर चहाच्या कपाचं गोल त्यांनी पाहिलं होतं. आता त्यानं सगळ्या गटांवर टाकलं होतं: मैडमची शेवटची पांडुलिपी आमच्याजवळ सुरक्षित आहे. मुर्रीच्या मंडईच्या दिवशी प्रकाशन. मुखपृष्ठ आजच छापणार. विनम्र श्रद्धांजली.

दिवाळीनंतर गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते. मुर्रीची भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी. म्हणजे वीस दिवसांत पुस्तक. चार वर्षं जिवंत राहून जे झालं नाही, ते एका सकाळी मरून झालं होतं.

“फोन लाव नं त्याले,” उमेंद्र म्हणाला.

“लावते. तू चहा घेशील?”

त्यांनी चहा ठेवला. मग साखर थोडी जास्त पडली म्हणून पाणी वाढवलं. भैय्यालाल मरणाच्या कामात चपळ होता. तेरवीची कार्डं तो सकाळी घेऊन दुपारी देत असे. पाचपर्यंत मुखपृष्ठ छापून होईल, असा नूतनबाईंचा हिशेब होता. एकदा कागद वापरला गेला की तो माणूस माघार घेणाऱ्यातला नव्हता. खोटं काही बोलायचं नव्हतं. फक्त दीड तास काही बोलायचं नव्हतं. खरेपणावर त्यांच्या बारा गोष्टी होत्या, आणि एकीतही असा प्रसंग आलेला नव्हता.

कपबशा धुताना नंदाबाई सुनेकडे बघत राहिल्या.

“मरायले तं तयार नोयती सकारी,” त्या म्हणाल्या. “आता जिवंत व्हायले काऊन उशीर करून राहिली?”

तेवढ्यात फोन वाजला. वर्गाच्या गटावर दिव्याचा निरोप होता.

दिव्या सालेकशाच्या जंगलपट्टीतली, गोंदियात हॉस्टेलवर राहून बी. ए. करणारी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिच्या निरोपाला शीर्षक नव्हतं, हात जोडलेलं चित्र नव्हतं.

‘बाई फळ्यावर लिहितात तेव्हा डाव्या हाताने पदर मागे धरतात. राग आला की चष्मा पुसतात, पुसलेला असला तरी. माझी गोष्ट त्यांनी चार वेळा परत दिली. चौथ्या वेळी मी जिन्यात बसून रडले. पाचव्यांदा लिहिली, ती काल पूर्ण झाली. बाईंनी त्यांच्या नवीन पुस्तकातली अस्वलाची गोष्ट वर्गात वाचली होती. त्यातले अस्वल मोहाची फुले गोळा करून मुलांना वाटते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. पण आमच्याकडचे अस्वल वाटत नाही. माझी आई जमुना उजाडायच्या आधी मोह वेचायला जाते. लांबून डबा वाजवते. अस्वल आधी आलेले असले तर उभी राहते, मग परत येते. त्या दिवशी टोपली रिकामी. आई अस्वलाला शिव्या देत नाही. ती म्हणते, त्याची पण सकाळ आहे. हे मला बाईंना सांगायचे होते. दोन रविवार हिंमत झाली नाही. आता कोणाला सांगू.’

नूतनबाईंनी ते तीनदा वाचलं. डब्यातला एक शब्द नव्हता. पोरगी शिकली होती, म्हणजे आपण शिकवलं होतं. आणि पुस्तकातली सगळ्यांत लाडकी गोष्ट, जिच्यावर मुखपृष्ठाचं चित्र बेतलं होतं, ती खोटी होती. आधी आनंद झाला की आधी टोचलं, हे त्यांना नंतर नीट आठवेना. सांगताना मात्र त्या आनंद आधी सांगत. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. पुसता पुसता आपण काय करतोय ते लक्षात आलं आणि घाईनं परत घातला.

सव्वाचार झाले होते. त्यांनी फोन लावला, पण भैय्यालालला नाही.

“दिव्या, मी बोलतेय. नूतनबाई.”

पलीकडे हॉस्टेलमधला नळ तेवढा ऐकू येत होता.

“कावरा बसला होता का बाई?” दिव्यानं विचारलं.

“तुला कसं कळलं?”

“आमच्याकडे पन करतेत तसं.” मग आवाज बारीक झाला. “बाई, मंग ते अस्वलाचं तुमी वाचलं का?”

“वाचलं.”

“सगळं?”

“सगळं. उद्या तुझी पाचवी गोष्ट घेऊन मुर्रीला ये. आणि अस्वल जवळून कसं असतं ते मला सांग.”

फोन बंद झाल्यावर पलीकडे पोरगी रडली की नाही, हे नूतनबाईंना कळायला मार्ग नव्हता. आपण का रडतोय हे मात्र त्यांनी उमेंद्रला सांगितलं नाही. मग त्यांनी भैय्यालालला फोन लावला. तो आधी घाबरला, मग त्याला बरं वाटलं, आणि मग तो वैतागला, तिन्ही एका दमात.

“मैडम, भगवान की दया. पर मुखपृष्ठ तो छप गया. पाचशे. नावाच्या आधी ‘कै.’ टाकलं.”

“इतक्या लवकर?”

“आपके लिए जल्दी किया.”

म्हणजे मुखपृष्ठ झालं होतं. त्यांना हवं तेच झालं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. नूतनबाई म्हणाल्या, “भैय्यालालजी, अस्वलाची गोष्ट बदलायची आहे.”

“क्या बात करते हो. चार साल थी.”

“तुमच्याजवळ होती.”

“मैडम, समझो जरा. जो लेखक गुजर जाता है, वो प्रूफ नहीं देखता. म्हणून त्याचं पुस्तक लवकर निघते. तुम्ही आता गोष्ट बदलाल, मग चित्र बदला म्हणाल, मग अगला साल.”

“चित्र राहू द्या. गोष्ट बदलल्याशिवाय मात्र छापू नका. नाहीतर बाड परत द्या.”

हे तोंडातून गेल्यावर नूतनबाईंना कळलं, वीस दिवसांवर आलेलं पुस्तक त्या स्वतःच्या हातानं परत ढकलत होत्या, तेही एका अस्वलासाठी. भैय्यालाल बहुतेक पाचशे मुखपृष्ठांकडे बघत असावा.

“तीन दिन,” तो म्हणाला. “तेरवीच्या कार्डालाही इतके देत नाही. चौथ्या दिवशी जे हातात असेल ते छापणार.”

शोकसभा रद्द होऊ शकत नव्हती. समोसे सांगून झाले होते. नूतनबाई भावाला घेऊन वाचनालयात गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. त्यांना पाहून दोघीतिघी किंचाळल्या, मग गळ्यात पडल्या. सगळं शांत झाल्यावर केशोराव गुरुजींनी चार पानांचं भाषण खिशातून अर्धं बाहेर काढलं, अर्धं आत ठेवलं.

“मी वाचू का बाई? की नको?”

“वाचा ना गुरुजी. डबा आणलाय का?”

गुरुजी भाषण वाचत राहिले आणि प्रत्येक परिच्छेदाला थांबून चिठ्ठी टाकत गेले. चार पानांतून शेवटी दीड ओळ उरली: बाईंनी एकदा गुरुजींच्या वहीवर ‘हे खरं आहे’ असं लिहिलं होतं, आणि ते पान त्यांनी फाडून देवघरात ठेवलं होतं. असं आजवर वर्गात का लिहिलं नाही, असं नूतनबाईंनी विचारलं. गुरुजी कपाळ पुसत म्हणाले, “तुमच्या देखत लिहायचं म्हंजे जड जाते बाई. वाटलं, आता तुमी नाई तं जरा मोकळं लिहावं.”

पुढचे तीन दिवस दिव्या कॉलेज बुडवून मुर्रीला येत राहिली. अस्वल कसं हुंगतं, कसं बसतं, फुलं कशी ओरपतं, हे ती ओसरीवर करून दाखवायची. नंदाबाई तिला चहात बिस्किटं बुडवून द्यायच्या आणि आपण पाहिलेलं एक अस्वल मध्येच घुसवायच्या. नूतनबाईंनी रिकाम्या टोपलीनं संपणारी गोष्ट आजवर लिहिली नव्हती. त्यांच्या गोष्टीतली मुलं काही ना काही घेऊनच घरी जायची. पहिल्या दिवशी टोपलीत चार फुलं राहिली, दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी टोपली रिकामी झाली. त्यांनी गोष्ट वाचून दाखवली तेव्हा नंदाबाई म्हणाल्या, “हे बरं हाये. आंधीचं अस्वल मले तलाठ्यासारखं वाटे.” तलाठी फुलं वाटतो का, असं उमेंद्रनं फोनवर विचारलं, तर नंदाबाई म्हणाल्या, “दुष्काळाचे पैसे तं वाटते.”

मंडईच्या दिवशी पाळणे, चिवड्याची दुकानं आणि बांगडीवाल्यांच्या मधोमध एका टेबलावर ‘मोहाखालची शाळा’च्या पाचशे प्रती मांडल्या होत्या. मुखपृष्ठावर फुलं वाटणारं जुनंच अस्वल हसत होतं, आणि खाली होतं ‘कै. नूतन फुंडे’. कै. नूतन फुंडे लाल पेन घेऊन टेबलामागे बसल्या होत्या आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवरचं ‘कै.’ खोडून देत होत्या. नंदाबाईंना ते पसंत नव्हतं. राहू दिलं तर आयुष्य वाढतं, असं त्यांचं मत. एका म्हाताऱ्यानं पुस्तक हातात घेऊन हळहळत विचारलं, कोणत्या गावच्या होत्या बिचाऱ्या? “मीच ती,” नूतनबाई म्हणाल्या. “असं का,” म्हणून त्यानं पुस्तक खाली ठेवलं आणि चिवड्याकडे गेला.

दुपारी दिव्या आली. एक प्रत उचलली, पाळण्याकडे पाठ केली आणि उभ्या उभ्या अस्वलाची गोष्ट वाचली. नूतनबाई दुसरीकडे बघायचा प्रयत्न करत राहिल्या. चार वर्षं भैय्यालालच्या दाराशी बसतानाही त्यांना इतकी धाकधूक झाली नव्हती.

“बरं झालं बाई,” दिव्या म्हणाली.

“पण?”

“शेवटी अस्वल जाताना मागं वळून पाहते, असं लिहिलं तुमी. ते आंधी नोयतं.”

ते तिसऱ्या रात्री घातलं होतं, दिव्या हॉस्टेलवर गेल्यावर. टोपली रिकामी ठेवली, मग निदान एवढं तरी असावं, असं वाटलं होतं.

“नाही पाहत?”

“नाई पाहत बाई. ते जाते.”

नूतनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दिव्या पायाकडे बघत हसू दाबत होती. मग त्यांनी तिच्या हातातली प्रत घेतली, वरचं ‘कै.’ खोडलं, सत्ताविसावं पान उघडलं आणि शेवटच्या ओळीवरून लाल पेन सरळ ओढला. प्रत तिला दिली आणि ढिगातली पुढची उचलली.

“बाई, एवढ्या सगळ्या?”

“पिशवीतला दुसरा पेन घे,” नूतनबाई म्हणाल्या. “तू ‘कै.’ खोडत चल, मी अस्वल पाहते.”